संत ऑगस्टीनचा सुखशोध

जुनें गोवें पाहून आलेल्या बहुतेक मंडळींना तेथील टेकडीवर एकाकी उभा असलेला एक पडका मनोरा आठवत असेल. सुमारें ४६ मीटर उंचीचा हा मनोरा ज्या भव्य ख्रिस्तमंदिराचा भाग होता, तें १५७२ मध्यें गोव्यांत आलेल्या ऑगस्टिनी संघाच्या साधूंनीं उभारलें. १८३५ मध्यें पोर्तुगीज सरकारनें धार्मिक संघांना तेथून घालवून दिल्यावर तें ओस पडलें आणि हळूहळू ढासळलें. वाटाडे मनोऱ्याची उंची सांगतात, पडझडीची हकीकत सांगतात. परंतु ज्याच्या नांवानें हा मनोरा ओळखला जातो तो ऑगस्टीन कोण, हें विचारण्याच्या भानगडींत फारसें कोणी पडत नाहीं. ८ मे २०२५ रोजीं पोपपदावर निवडले गेलेले चौदावे लिओ हे याच संघाचे साधु असल्यामुळें हें नांव पुन्हां लोकांच्या कानांवर आलें, इतकेंच. प्रस्तुत लेखांत संघाचा इतिहास सांगण्याचा आमचा हेतु नाहीं. ज्याच्या नियमावलीनें हा संघ चालतो, त्या मनुष्यानें सोळाशें वर्षांपूर्वीं स्वतःला एक प्रश्न विचारला व त्याचें उत्तर आपल्याच आयुष्यांत शोधलें. सुखाचीं साधनें हातीं येऊनहि मनुष्याला सुख कां लाभत नाहीं, हा तो प्रश्न होय.

हा प्रश्न आपल्याकडे नवा नाहीं. ययातीनें पुत्राचें तारुण्य उसनें घेतलें, तें मनसोक्त भोगलें, आणि भोगानें वासना शमत नाहीं हें त्याला अखेर कळून चुकलें. भर्तृहरीचें नांव तर वैराग्याशीं कायमचें जोडलें गेलें आहे. परंतु ययाति पुराणांतला आणि भर्तृहरीचें चरित्र दंतकथांनीं झांकलेलें. ऑगस्टीनचें तसें नाहीं. इ. स. ३९७ च्या सुमारास त्यानें 'कन्फेशन्स' हा तेरा भागांचा लॅटिन ग्रंथ लिहावयास घेतला. या नांवांत पापाची कबुली आणि ईश्वराचें स्तवन असे दोन्ही अर्थ सामावलेले आहेत. सबंध ग्रंथ ईश्वराला उद्देशून आहे, आणि त्यांत लेखकानें आपल्या मनाची अशी झडती घेतली आहे कीं, तशी त्यापूर्वींच्या कोणत्याहि आत्मकथनांत क्वचितच सांपडेल. म्हणून त्याच्या अनुभवाचें परीक्षण इतिहासाच्या पद्धतीनें करतां येतें.

दुसरेंहि एक कारण आहे. वैराग्याची भाषा ऐकली कीं आपल्या मनांत शंका उभी राहते कीं, हीं कोल्ह्याचीं आंबट द्राक्षें तर नव्हेत? ज्याला संसारांत यश आलें नाहीं, तोच संसार असार म्हणतो, असा अनुभव सर्वत्र येतो. ऑगस्टीननें जें सोडलें, तें तो बत्तिसाव्या वर्षाच्या आंत, द्राक्षांचा घड हातीं येऊं लागला असतांना सोडलें. म्हणून त्याच्या साक्षीला निराळेंच वजन आहे.

ऑगस्टीनचा जन्म १३ नोव्हेंबर ३५४ रोजीं उत्तर आफ्रिकेंतील थागास्ते या लहानशा गांवीं झाला. आज हें गांव सूक अहरास या नांवानें अल्जीरियांत आहे. बाप पॅट्रिशियस हा बेताच्या मिळकतीचा गृहस्थ, पण नगरसभेचा सभासद. स्वभावानें तापट, आणि आयुष्याच्या अखेरीपर्यंत ख्रिस्तधर्माबाहेरचा. आई मोनिका मात्र श्रद्धाळु ख्रिस्ती होती. धर्माच्या बाबतींत पतिपत्नींचें जमत नसलें, तरी मुलानें शिकावें, नामांकित वक्ता व्हावें आणि राजदरबारीं चढावें, या इच्छेंत दोघांचें एकमत होतें. मुलाच्या शिक्षणासाठीं आपल्याकडील मध्यम स्थितींतील घरांत जी ओढाताण चालते, तीच त्या घरीं होती. पैशाअभावीं सोळाव्या वर्षीं ऑगस्टीनला शाळा सोडून एक वर्ष घरीं काढावें लागलें, आणि पुढें रोमानियानस नांवाच्या गांवच्या धनिकानें हात दिला, म्हणूनच तो कार्थेजच्या विद्यालयांत जाऊं शकला.

त्या रिकाम्या वर्षांतील एका क्षुल्लक गोष्टीवर त्यानें आपल्या ग्रंथांत पानेंच्या पानें खर्च केलीं आहेत. जवळच्या मळ्यांत एक नासपतीचें झाड होतें. एका रात्रीं या पोरांच्या टोळक्यानें तें झोडपून फळें पळविलीं. घरीं याहून चांगलीं फळें होतीं. भूक तर नव्हतीच. पळविलेलीं फळें बहुतेक डुकरांपुढें टाकून दिलीं. मग चोरी कशासाठीं केली? एवढ्याशा गोष्टीचें हें काय अवडंबर, असें वाचकांस प्रथम वाटतें. परंतु ऑगस्टीनला एक महत्त्वाचा धागा येथें सांपडला होता. त्या चोरींतील सुख फळांत नव्हतें. कांहींएक मर्यादा मोडली, तीहि सोबत्यांच्या संगतींत मोडली, या जाणिवेंत तें होतें. एकटा असतों तर हें केलें नसतें, असें तो स्वच्छ कबूल करतो. म्हणजे वस्तु हातीं असतांनाहि मनुष्य भलत्याच कशाच्या तरी मागें असतो, आणि तें काय, हें त्याचें त्यालाच ठाऊक नसतें.

३७१ च्या सुमारास तो कार्थेजला आला. आजच्या ट्यूनिस शहरानजीकचें हें बंदर त्या काळीं आफ्रिकेंतील सर्वांत गजबजलेलें नगर होतें. तेथील नाट्यगृहांनीं त्याला वेड लावलें. रंगभूमीवरील खोट्या दुःखासाठीं अश्रु ढाळावेत आणि तें अश्रु ढाळणेंच सुखकारक वाटावें, याचें नवल त्याला पुढें जन्मभर वाटत राहिलें. तेथेंच एका स्त्रीशीं त्याचा संबंध जडला. कायदेशीर विवाह नव्हता. परंतु दोघें सुमारें चौदा वर्षें एकमेकांशीं एकनिष्ठ राहिलीं. लौकरच त्यांना मुलगा झाला. त्याचें नांव अदेओदातुस, म्हणजे आपल्या भाषेंत देवदत्त. मूल नको असतांना जन्मलें, पण जन्मल्यावर त्यानें आपल्याला स्वतःवर प्रेम करावयास लावलें, असें बापानें लिहून ठेवलें आहे.

एकोणिसाव्या वर्षीं अभ्यासक्रमांतला म्हणून सिसरोचा 'हॉर्टेन्सियस' हा ग्रंथ त्याच्या हातीं आला. तत्त्वज्ञानाकडे वळण्याचा उपदेश करणारा हा ग्रंथ आज केवळ त्रुटित अवतरणांच्या रूपानें उरला आहे. ऑगस्टीननें तो वाचावयास घेतला भाषाशैलीसाठीं, पण त्याच्या मनाला भिडला तो आशय. धन व कीर्ति यांपलीकडे एक अविनाशी ज्ञान आहे आणि तेंच मिळवावें, अशी तळमळ त्याला लागली. त्या भरांत त्यानें बायबल उघडलें. परंतु सिसरोच्या घोटीव वाक्यांपुढें तें त्याला ओबडधोबड वाटलें व त्यानें तें मिटून ठेवलें. मग तो मानी या इराणी धर्मसंस्थापकाच्या पंथांत शिरला आणि नऊ वर्षें त्याचा श्रावक राहिला. जगांत प्रकाश व अंधार यांचें युद्ध चालू आहे आणि माझ्या हातून घडणारें पाप मी करीत नसून माझ्यांतील अंधाराचें तत्त्व करतें, ही त्या पंथाची शिकवण तरुण मनाला फार सोयीची होती. दोष आपला नाहीं असें सांगणारें तत्त्वज्ञान कोणाला आवडत नाहीं?

याच काळांत थागास्ते येथें शिक्षक असतांना त्याच्यावर एक घाव बसला. लहानपणापासूनचा त्याचा जिवलग मित्र तापानें आजारी पडला. तो बेशुद्ध असतां घरच्यांनीं त्याला बाप्तिस्मा देवविला. शुद्धीवर आल्यावर ऑगस्टीननें त्या विधीची थट्टा केली. नेहमीं त्याच्याच मतानें चालणाऱ्या त्या मित्रानें या वेळीं मात्र त्याला कडक शब्दांत गप्प बसविलें. थोड्याच दिवसांत ताप उलटला व मित्र गेला. ऑगस्टीनला सारें गांव भकास वाटूं लागलें. ज्या ज्या ठिकाणीं दोघे मिळून हिंडले होते, तेथें तेथें पाऊल ठेवणें त्याला असह्य झालें. अखेर गांव सोडून तो कार्थेजला निघून गेला. या शोकाचें कारण पुढें त्यानें शोधून काढलें, तें असें: एक दिवस मरणारच अशा मनुष्यावर तो कधींच मरणार नाहीं अशा भावनेनें आपण प्रेम केलें, जणूं आपला सगळा जीव वाळूवर ओतला. मैत्री वाईट होती, असें तो कोठेंच म्हणत नाहीं. मैत्रीवर जो भार त्यानें टाकला, तो कोणत्याहि मैत्रीला पेलणारा नव्हता. त्याच्या पुढील सर्व विचाराचें बीज आम्हांस या एका निरीक्षणांत दिसतें.

३८३ मध्यें तो रोमला गेला. आफ्रिकेंतील विद्यार्थी दांडगाई करीत. रोममधील विद्यार्थी सभ्य होते, पण फी देण्याची वेळ आली कीं सगळे मिळून दुसऱ्या शिक्षकाकडे निघून जात! या त्रासांतून त्याची लौकरच सुटका झाली. सम्राटाचा दरबार त्या काळीं मिलान येथें असे, आणि तेथें वक्तृत्वाचा अध्यापक हवा होता. रोमचा नगराधिकारी सिमॅकस यानें ऑगस्टीनची निवड केली आणि ३८४ मध्यें तिसाव्या वर्षीं तो सरकारी वाहनानें मिलानला पोंचला. खेड्यांतील मध्यम घरच्या मुलाला याहून मोठें यश कोणतें मिळावयाचें? आतां दरबारांतील ओळखींच्या बळावर एखाद्या प्रांताचा अधिकार मिळणेंहि अशक्य नव्हतें.

नेमकें याच ठिकाणीं त्याला आपल्या यशाचा पोकळपणा दिसला. सम्राटाच्या स्तुतीचें भाषण तो तयार करीत होता. त्यांत खोटें पुष्कळ असणार आणि तें खोटें आहे हें ठाऊक असलेले श्रोतेच टाळ्या वाजविणार, हें तो जाणून होता. त्या चिंतेंत मित्रांसह रस्त्यानें जात असतां एक भिकारी त्याच्या दृष्टीस पडला. चार पैसे मिळवून तो थोडी दारू प्याला होता व मजेंत थट्टामस्करी करीत होता. ऑगस्टीन मित्रांना म्हणाला कीं, इतकी वर्षें काट्यांतून धडपडत आपण ज्या निश्चिंतीच्या मागें लागलों, ती या भिकाऱ्यानें चार पैशांत मिळविली आहे. त्याचें सुख खरें नव्हे, हें उघड आहे. पण आपलें तरी कोठें खरें आहे? त्याची नशा उद्यां उतरेल. कीर्तीची नशा घेऊन मात्र आपण रोज झोंपतों आणि रोज उठतों.

यानंतरचा प्रसंग सांगतांना लेखणी जड होते. अधिकारपद मिळवावयाचें तर घरंदाज व धनवान कुळांतील वधू हवी. मोनिकेनें खटपट करून सोयरीक जुळविली. मुलगी विवाहयोग्य वयाला दोन वर्षें कमी असल्यामुळें थांबणें भाग होतें. परंतु पहिल्या स्त्रीला घरांत ठेवणें आतां शक्य नव्हतें. तिला आफ्रिकेंत परत पाठविण्यांत आलें. यापुढें अन्य पुरुषाचें तोंड पाहणार नाहीं अशी प्रतिज्ञा करून, मुलगा बापापाशीं ठेवून, ती निघून गेली. हृदय जेथें तिच्याशीं जडलें होतें तेथें तें फाटलें आणि रक्ताळलें, असें ऑगस्टीन सांगतो. पण त्या हृदयाला दोन वर्षांची वाट पाहवेना, आणि त्यानें लागलीच दुसऱ्या स्त्रीशीं संबंध ठेवला. जखम भरली नाहीं, ती चिघळली, अशीच त्याची कबुली आहे.

या स्त्रीचें नांव त्यानें दिलेलें नाहीं. लज्जेमुळें असो कीं तिच्याविषयींच्या आदरामुळें असो, जगाला तें कायमचें अज्ञात राहिलें. तिचा त्याग तिनें निमूटपणें केला आणि त्याचा उल्लेख चार ओळींत संपला. ऑगस्टीनच्या भक्तांनीं या प्रसंगाचें समर्थन करण्याचे अनेक प्रयत्न केले आहेत. आम्हांस ते पटत नाहींत. ज्याला आपण मनुष्याची महत्त्वाकांक्षा म्हणून गौरवितों, तिची किंमत पुष्कळदां दुसरेंच कोणी तरी भरीत असतें, हें सत्य येथें उघडें पडलें आहे. हा प्रसंग भक्तीच्या मार्गावर घडला असें कोणी समजूं नये. तो घडला तेव्हां ऑगस्टीन प्रतिष्ठेच्याच मागें होता. संसारसुख म्हणजे प्रेमळ आणि धर्म म्हणजे कठोर, अशी सोपी वांटणी करणाऱ्यांनीं हें लक्षांत ठेवावें.

बुद्धीच्या बाजूनें त्याच्या अडचणी मिलानमध्यें एकेक करून दूर झाल्या. तेथील बिशप अँब्रोझ याचीं प्रवचनें तो प्रथम वक्तृत्वाचा मासला म्हणून ऐकावयास गेला. पण ज्या शास्त्राला त्यानें गांवढळ म्हणून बाजूला सारलें होतें, त्याचा गूढ अर्थ तेथें त्याला कळूं लागला. प्लेटोच्या अनुयायांचे ग्रंथ वाचून, ईश्वर हा जड पदार्थ नव्हे आणि दुष्टपणा हें स्वतंत्र तत्त्व नसून सत्तत्त्वाची उणीव आहे, अशी त्याची खात्री झाली. परंतु बुद्धीला पटलें म्हणून मन वळतें असें नाहीं. ध्येय कोठें आहे हें दूरच्या डोंगरावरून दिसणें वेगळें आणि तेथें जाणारी वाट पायांखालीं असणें वेगळें, असा भेद त्यानें स्वतःच केला आहे. तरुणपणीं तो ईश्वरापाशीं संयमाचें वरदान मागे आणि तें इतक्यांत मात्र नको, असेंहि मनांत म्हणे. वाचकांपैकीं कोणाला हें हंसूं येईल. पण हंसण्यापूर्वीं प्रत्येकानें आपले संकल्प आठवावे.

शेवटचा धक्का त्याला इतरांच्या उदाहरणांनीं दिला. मरिउस व्हिक्टोरिनस या विख्यात पंडितानें म्हातारपणीं लोकलज्जा सोडून उघडपणें ख्रिस्तधर्म स्वीकारला, ही हकीकत त्यानें वृद्ध धर्मोपदेशक सिंप्लिशियानस याच्याकडून ऐकली. पुढें पोंटिशियानस नांवाचा एक दरबारी अधिकारी भेटीस आला असतां त्यानें ईजिप्तमधील संत अँटनीची कथा सांगितली. ती वाचून दोन राजसेवकांनीं जागच्या जागीं नोकरी सोडली होती, हेंहि सांगितलें. पाहुणा गेल्यावर ऑगस्टीनच्या मनांत वादळ उठलें. अडाणी माणसें स्वर्ग जिंकून घेतात आणि आम्ही विद्वान येथें चिखलांत लोळत आहों, असे उद्गार काढून तो अलिपियस या मित्रासह घरामागच्या बागेंत गेला. ३८६ च्या ऑगस्ट महिन्यांतील ही गोष्ट. मनानें हाताला आज्ञा केली तर हात हलतो; मग मनानें मनालाच आज्ञा केली तर तें कां ऐकत नाहीं, या कोड्यानें तो व्याकूळ झाला. अंजिराच्या झाडाखालीं रडत असतां शेजारच्या घरांतून एका मुलाचा कीं मुलीचा गाण्यासारखा आवाज आला; उचलून वाच, असें कांहींसें तें मूल पुन्हां पुन्हां म्हणत होतें. त्यानें प्रेषित पौलाचें पुस्तक उघडलें. रोमकरांस लिहिलेल्या पत्राच्या तेराव्या अध्यायाचा शेवट पुढें आला. चैनबाजी सोडून प्रभु येशू ख्रिस्ताला वस्त्राप्रमाणें धारण करण्याचा उपदेश त्यांत होता. पुढें वाचण्याची गरज उरली नाहीं.

यापुढील वर्तन मात्र अगदीं शांत आहे, आणि आम्हांस तें त्या बागेंतील प्रसंगाइतकेंच महत्त्वाचें वाटतें. त्यानें गाजावाजा केला नाहीं. द्राक्षहंगामाची सुट्टी तीन आठवड्यांवर आली होती; तोंपर्यंत त्यानें शिकविण्याचें काम चालूं ठेवलें आणि मग छातीच्या विकाराचें खरेंच असलेलें कारण सांगून राजीनामा दिला. ठरलेला विवाह मोडला. आई, मुलगा व मित्र यांच्यासह एका स्नेह्याच्या खेड्यांतील घरीं चिंतनांत दिवस काढले, आणि ३८७ च्या ईस्टरच्या आदल्या रात्रीं, २४ एप्रिल रोजीं, अँब्रोझच्या हातून अलिपियस व अदेओदातुस यांच्यासह बाप्तिस्मा घेतला.

त्याला मिळालें तें काय? जुन्या सुखांच्या जागीं एक नवें, अधिक तीव्र सुख मिळालें, असें मानणें चुकीचें होईल. त्यानें पुढें आपल्या शिकवणुकींत एक भेद मांडला आहे: कांहीं गोष्टी वापरावयाच्या असतात आणि एकच अशी आहे कीं जिच्यांत विसावावयाचें असतें. स्वदेशीं परत निघालेला प्रवासी वाहनाच्या व वाटेच्या मौजेंत इतका रमला कीं घर विसरला, तर दोष वाहनाचा नव्हे. दुसरा दाखला त्याच्या एका प्रवचनांतला आहे. वरानें वधूला अंगठी घडवून दिली. तिनें अंगठीवर प्रेम करावें यांत वावगें कांहीं नाहीं. परंतु मला अंगठी पुरे, त्याचें तोंड नको, असें ती म्हणूं लागली तर तिला काय म्हणावें? जग हें ईश्वरानें दिलेली अंगठी आहे. तें वाईट आहे असें म्हणणारा मानीचा पंथ त्यानें सोडलाच होता. ख्रिस्ती ऑगस्टीनच्या मतें सृष्टि चांगली, शरीर चांगलें, मैत्री चांगली. फक्त यांतील एकालाहि मनुष्याच्या हृदयाची अंतिम भूक भागविण्याचें सामर्थ्य नाहीं, कारण हृदयाची घडणच ईश्वरासाठीं झाली आहे. तेथें पोंचेपर्यंत तें अस्वस्थ राहणार. प्रेमाचा नाश करावयाचा नसून प्रेमांना क्रम लावावयाचा, असें त्याच्या नीतीचें सार सांगतां येईल.

आतां कोणी म्हणेल, ही झाली उपपत्ति. हिची कसोटी कोणती? इतिहासानें ती लागलीच पुढें आणली. आफ्रिकेस परतण्यासाठीं सारी मंडळी रोमजवळच्या ओस्टिया बंदरांत थांबली होती. तेथें एका खिडकीशीं बसून मायलेंकरांनीं ईश्वराच्या सान्निध्याविषयीं जें संभाषण केलें, तें 'कन्फेशन्स'मधील अत्यंत सुंदर प्रकरणांपैकीं एक आहे. पुढें थोड्याच दिवसांत मोनिका तापानें आजारी पडली आणि छप्पन्नाव्या वर्षीं वारली. पतीच्या शेजारीं आपलें थडगें असावें ही तिची जुनी इच्छा. पण अखेरीस तिनें सांगितलें कीं, देह कोठेंहि पुरा, ईश्वराला कोणतेंहि ठिकाण दूर नाहीं. ऑगस्टीननें प्रथम अश्रु आवरले, आवरल्याचा त्रास सोसला, आणि मग एकांतांत ईश्वरापुढें रडून घेतलें. या रडण्याबद्दल कोणाला त्याला दोष द्यावयाचा असेल तर त्यानें तो द्यावा, पण आपण थोडा वेळ आईसाठीं रडलों, असें त्यानें लिहिलें आहे. पुढें दोन-तीन वर्षांतच सतरा वर्षांच्या आंतबाहेरचा अदेओदातुसहि गेला. बापलेंकांचा संवाद 'गुरूविषयीं' या अर्थाच्या शीर्षकाच्या छोट्या ग्रंथांत राहिला आहे. त्यांतील मुलाचे विचार खरोखर त्याचेच आहेत, असें बाप अभिमानानें सांगतो.

मित्र मेला तेव्हांचा ऑगस्टीन आणि आई मेली तेव्हांचा ऑगस्टीन हे शेजारीं ठेवून पाहावे. दुःख दोन्ही वेळीं खरें आहे. पहिल्या वेळीं तो गांव टाकून पळाला. दुसऱ्या वेळीं तो पळाला नाहीं, कारण ज्याच्यावर सर्व भार टाकावा असा आधार त्या मृत्यूबरोबर गेला नव्हता. श्रद्धेनें दुःख नाहींसें होतें असा दावा त्यानें केलेला नाहीं. दुःखानें मनुष्य उद्ध्वस्त होत नाहीं, एवढेंच त्याच्या चरित्रावरून सिद्ध होतें. आणि एवढेंहि थोडें नव्हे.

थागास्तेस येऊन त्यानें वडिलोपार्जित मिळकत विकली व मित्रांसह एकांतवासांत राहूं लागला. पण तें सुख त्याला फार दिवस लाभलें नाहीं. ३९१ मध्यें हिप्पो येथें, म्हणजे आजच्या अन्नाबा शहरीं, तो कामानिमित्त गेला असतां लोकांनीं त्याला धरून बिशपापुढें उभें केलें व त्याच्यावर धर्मोपदेशकाचें काम लादलें. तो रडला, लोकांना वाटलें, याहून मोठें पद न मिळाल्याचें हें दुःख! चार-पांच वर्षांनीं तो बिशप झाला, आणि पुढील पस्तीस वर्षें प्रवचनें, पत्रें, वादविवाद आणि गांवकऱ्यांचे जमीनजुमल्याचे तंटे तोडणें यांत गेलीं. श्रद्धेंत तृप्ति म्हणजे आरामखुर्चींतली शांति नव्हे, हें ज्याला पाहावयाचें असेल त्यानें त्याचा हा दिनक्रम पाहावा. त्याचा शिष्य पॉसिडियस यानें त्याच्या घरगुती राहणीचें वर्णन केलें आहे. जेवणाचे चमचे तेवढे चांदीचे. बाकी भांडीं मातीचीं, लाकडाचीं किंवा दगडाचीं. पाहुण्यांसाठीं मांस असे, मद्यहि असे, अवडंबर नसे. गैरहजर माणसाची निंदा करणारानें या मेजावर बसूं नये, अशा अर्थाच्या ओळी मेजावर कोरविल्या होत्या, आणि कांहीं बिशपांनीं हा नियम मोडला तेव्हां, एक तर ओळी पुसा नाहीं तर मी उठतों, असें त्यानें त्यांना ऐकविलें.

याहून विशेष म्हणजे 'कन्फेशन्स'चा दहावा भाग. बाप्तिस्मा होऊन दहा-बारा वर्षें लोटलेला हा बिशप तेथें सांगतो कीं, जेवतांना गरज कोठें संपते आणि जिभेची चैन कोठें सुरू होते, हें मला अजून नीट कळत नाहीं. भजन ऐकतांना अर्थापेक्षां सुराकडेच मन ओढलें जातें. लोकांची स्तुति गोड लागते. मोक्षाची पावती खिशांत घालून हिंडणाऱ्या माणसाची ही भाषा नव्हे. त्याला स्थिर स्थान सांपडलें होतें, म्हणूनच आपली अस्थिरता कबूल करण्याची भीति त्याला उरली नव्हती, असें आम्हांस वाटतें.

४१० मध्यें अलारिकच्या गॉथ सैन्यानें रोम लुटलें. आठशें वर्षें परक्याच्या हातीं न गेलेलें नगर पडल्याचें ऐकून सारें जग हादरलें. पळून आलेले निर्वासित आफ्रिकेच्या किनाऱ्यावर उतरले, आणि त्यांतील कित्येक कार्थेजला पोंचतांच नाट्यगृहांत गर्दी करूं लागले. घर गेलें, शहर गेलें, पण करमणूक सुटली नाहीं! हें पाहून ऑगस्टीनला विषाद वाटला. जुन्या देवांना सोडल्यामुळें रोम पडलें, या आक्षेपाला उत्तर म्हणून त्यानें ४१३ ते ४२६ या काळांत 'ईश्वराचें नगर' हा बावीस भागांचा ग्रंथ रचला. मनुष्यें ज्यावर प्रेम करतात त्यावरून त्यांचें नगर ओळखावें; एक नगर स्वतःवरील प्रेमानें उभें राहतें, दुसरें ईश्वरावरील प्रेमानें, हें त्याचें सूत्र. स्वतःच्या आयुष्यांत जें त्याला दिसलें, तेंच त्यानें येथें इतिहासाला लावून दाखविलें.

त्याच्या चरित्रांत डाग नाहींत असें नव्हे. डोनाटस-पंथी ख्रिस्ती लोकांना वठणीवर आणण्यासाठीं राजदंडाचा उपयोग करण्यास त्यानें संमति दिली, आणि पुढील शतकांतील अनेक जुलमांना तिचा आधार मिळाला. ज्याला स्वतःला नुसत्या आज्ञेनें आपलेंच मन वळवितां आलें नाहीं, त्यानें दुसऱ्यांचीं मनें दंडानें वळवूं पाहावीं, हें दुर्दैव होय. परंतु या दोषामुळें त्याची मूळ साक्ष खोटी ठरत नाहीं.

४३० मध्यें व्हँडल लोकांनीं हिप्पोला वेढा घातला. वेढ्याच्या तिसऱ्या महिन्यांत ऑगस्टीन तापानें अंथरुणाला खिळला. पश्चात्तापाचीं दाविदाचीं स्तोत्रें त्यानें लिहवून भिंतीवर लावून घेतलीं होतीं. तीं पडल्या पडल्या वाची व रडे. शेवटचे दहा दिवस वैद्य आणि जेवण आणणारा यांखेरीज कोणी आंत येऊं नये, असें त्यानें सांगून ठेवलें होतें. २८ ऑगस्ट ४३० रोजीं, वयाच्या पंचाहत्तराव्या वर्षानंतर, त्याचा अंत झाला. ज्यूलियन नांवाच्या प्रतिपक्ष्याला द्यावयाच्या उत्तराचा ग्रंथ हातांत अपुराच राहिला. मृत्युपत्र त्यानें केलें नाहीं. देण्यासारखें जवळ कांहीं नव्हतें. ग्रंथालय मात्र पुढील लोकांसाठीं नीट जपावें, असें तो नेहमीं बजावीत असे.

आजच्या वाचकांपैकीं पुष्कळांची श्रद्धा ऑगस्टीनच्या श्रद्धेहून वेगळी असेल, कित्येकांची कोणत्याच धर्मावर नसेल. तरीहि त्यानें दाखविलेला भेद त्यांनीं आपल्या अनुभवाशीं ताडून पाहण्यासारखा आहे. नोकरी, घर, मुलांची भरभराट, लोकांत मान, या गोष्टी आपण मिळवूं नयेत असें तो सांगत नाहीं. त्या मिळाल्यावर मनाला जी रुखरुख लागते, तिला आणखी मिळकतीनें बुजवूं नये, ती कशासाठीं आहे हें आधीं विचारावें, एवढेंच त्याचें सांगणें आहे. त्याला स्वतःला त्याचें उत्तर ख्रिस्तामध्यें मिळालें, आणि आई, मुलगा, रोम व अखेर स्वतःचें गांव हीं एकामागून एक जात असतांना तें उत्तर त्याला पुरलें.